कोरीव कामावरची धूळ आणि जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा गोल ब्रश : एका वाड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात हा वाडा आहे. मूळचा दोनचौकी. पुढचा चौक पडझडीत गेला, मागच्या चौकाभोवतीचं घर आणि माडीवरचा दिवाणखाना तेवढा शाबूत राहिला. दिवाणखाना साधारण ११ मीटर लांब, पावणेपाच मीटर रुंद. सुरूच्या झाडाच्या आकाराचे दहा सागवानी खांब, त्यांच्यामधल्या आठ महिरपी, महिरपींच्या दोन्ही अंगांना लोंबणारी सोळा कोरीव लाकडी केळफुलं, आणि वर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत. केळफुलांच्या पाकळ्यांवर आणि महिरपींच्या कडेच्या वेलबुट्टीवर जुना हिरवा आणि तांबडा रंग ठिकठिकाणी टिकून होता. बाकीचं लाकूड वर्षानुवर्षं जवसाचं तेल पिऊन काळसर झालेलं.

घरातले आजोबा गेल्यापासून दिवाणखाना अकरा वर्षं बंद होता. नातीचा साखरपुडा तिथेच करायचा असं ठरलं आणि नोव्हेंबरात कुलूप उघडलं. कार्य फेब्रुवारीत, म्हणजे हाताशी जेमतेम तीन महिने. निर्णय घेणारे तिघं : बहात्तर वर्षांचे काका, घराचा रोजचा कारभार सांभाळणाऱ्या वहिनी आणि पुण्याहून शनिवार-रविवार येणारा पुतण्या. पुढे त्यांच्यासोबत गावातला वायरमन, एक सुतार, एक खरादी आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या एक सल्लागार बाई आल्या.

माजघराच्या कपाटात आजोबांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेला, १९३० च्या दशकातल्या धाटणीचा व्हॅक्यूम क्लीनर होता, अवजारांच्या लाकडी पेटीसकट. काकांची इच्छा होती की दिवाणखाना त्याच यंत्राने स्वच्छ व्हावा. लहानपणी त्यांनी तो तिथेच चालताना पाहिला होता. ही इच्छा बाजूला सारण्यासारखी नव्हती, आणि पुढचं सगळं प्रकरण तिच्याभोवतीच फिरलं.

पेटीतली अवजारं

यंत्र नळकांड्याच्या आकाराचं, पत्र्याचं, खाली घसरायला दोन पट्ट्या. पुढच्या तोंडातून हवा आत ओढली जाते, मागच्या तोंडातून बाहेर फेकली जाते, आणि नळी दोन्हीकडे बसते. १९२१ साली इलेक्ट्रोलक्सने पट्ट्यांवर घसरणारं आडवं यंत्र बाजारात आणलं, त्यानंतर ही रचना घरोघरी रुळली. त्याआधीचं घरगुती यंत्र म्हणजे मुख्यतः स्पॅंगलर या अमेरिकी संशोधकाच्या १९०८ च्या पेटंटवर उभं राहिलेलं दांड्याचं यंत्र. ते गालिच्यावर उत्तम चालायचं, पण भिंतीच्या वरच्या अंगाला किंवा खुर्चीच्या नक्षीला सहजी पोचायचं नाही. हलकी लवचिक नळी आणि तिच्या टोकाला बदलता येणारी तोंडं आल्यावर यंत्र जमिनीवरून वर चढलं.

पेटीत चार तोंडं निघाली. फटींसाठी चपटं निमुळतं तोंड. गाद्या-पडद्यांसाठी धातूच्या कडेचं रुंद तोंड. भिंतीसाठी लांब केसांचा आडवा ब्रश. आणि गोल ब्रश. ओतीव ॲल्युमिनियमच्या साधारण ७ सेंटीमीटरच्या वाटीभोवती घोड्याच्या केसांचं ३ सेंटीमीटरचं कडं, असा तो ब्रश. त्यातल्या एका बाजूच्या केसांना कसर लागून खिंडार पडलं होतं.

हा गोल ब्रश इतका विचारपूर्वक केलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. गालिचा हवा आरपार जाऊ देतो. तोंड त्यावर दाबलं की हवा लोकरीच्या धाग्यांतून वाट काढत वर येते आणि धूळ सोबत आणते. लाकूड हवा जाऊ देत नाही. सपाट लाकडावर तोंड टेकवलं तर ते चिकटून बसतं आणि हवेचा प्रवाहच थांबतो. कोरीव लाकडावर टेकवलं तर उंचवट्यांना ते चिकटतं आणि खळग्यांतून हवा नुसती गळते. धूळ मात्र त्या खळग्यांतच बसलेली असते. केसांचं कडं या दोन्ही अडचणी एकदम सोडवतं. ते तोंडाला पृष्ठभागापासून दोन-अडीच सेंटीमीटर वर धरतं, हवा केसांच्या मधून सगळ्या बाजूंनी आत येते, आणि केसांची टोकं पाच-सात मिलिमीटर खोल खळग्यात शिरून धूळ मोकळी करतात. मोकळं करणं केसांचं काम, वाहून नेणं हवेचं. नक्षीवरच्या धुळीबाबत ही वाटणी पाळली तर यंत्र कितीही साधं असलं तरी चालतं.

समस्या

धूळ तीन प्रकारची होती. महिरपींच्या वरच्या कडांवर आणि केळफुलांच्या वरच्या पाकळ्यांत भुरभुरीत, कोरडी, काही जागी ६ मिलिमीटर जाड थर. देवघराच्या भिंतीलगतच्या दोन महिरपींवर समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर तेलकट लाकडात मुरून झालेला चिकट लेप. आणि तुळयांच्या सांध्यांत जळमटं, त्यांत अडकलेला चुन्याचा कचरा. तिसऱ्या जागी, गणेशपट्टीच्या, म्हणजे दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्टीच्या, मागच्या फटीत, पांढरट भुकटीही दिसली. वहिनींना आठवत होतं की त्यांच्या सासूबाई वाळवी-ढेकणांसाठी गॅमेक्सिन ही विषारी कीटकनाशक पूड मारून घ्यायच्या.

जोखीम कुठे होती हे तेव्हा कुणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की प्रश्न धूळ काढण्याचा आहे. खरा प्रश्न होता धूळ काढताना तिच्याखालचा रंग जागेवर ठेवण्याचा. अशा लाकडावरच्या जुन्या रंगातला डिंक-सरस वाळून गेला की रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि कित्येकदा वरच्या धुळीच्या थरानेच ते धरून ठेवलेले असतात.

पहिला दिवस

पुतण्याने यंत्र बाहेर काढलं, सुती वेणीच्या वायरला नवा प्लग लावला आणि चालू केलं. मोटर फिरली, सगळ्यांना आनंद झाला. त्याने नळी लावली ती मागच्या तोंडाला. दोन्ही तोंडं सारखीच, खुणेची अक्षरं झिजलेली. गोल ब्रश पहिल्या महिरपीवर ठेवताच अकरा वर्षांची धूळ खोलीभर उडाली. बैठकीच्या मखमली गाद्या झाकलेल्या नव्हत्या, भिंतीवरच्या तसबिरींच्या काचांमागे फटींतून धूळ शिरली. नळी पुढच्या तोंडाला लावून पुन्हा सुरू केल्यावर यंत्र ओढू लागलं, पण आतल्या कापडी पिशवीतून बारीक धूळ गाळली न जाता मागून बाहेर पडत होती. उन्हाच्या तिरिपेत ती धुरासारखी दिसत होती.

या चुकीमागचं कारण हवेच्या स्वभावात आहे. फुंकलेली हवा झोत होऊन लांब जाते. नळीच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही तिचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या साधारण एक दशांश उरतो. ओढली जाणारी हवा मात्र सगळ्या बाजूंनी येते, म्हणून नुसत्या एका व्यासाच्या अंतरावरच तिचा वेग एक दशांशावर येतो. ३२ मिलिमीटरच्या नळीचा हिशेब केला तर फुंकर जवळजवळ एक मीटरवर धूळ उधळते, आणि ओढ तीन सेंटीमीटरच्या पुढे जवळपास निकामी होते. फुंकून साफ केल्यासारखं वाटतं ते याचमुळे. धूळ फक्त जागा बदलते.

व्हॅक्यूम क्लीनरचा जन्मच या फरकातून झाला. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने दाबाखालची हवा मारून धूळ काढण्याचं एक यंत्र पाहिलं. धूळ उडून परत खाली बसत होती. फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही, असं त्याने विचारलं, आणि पुढे एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. घुसमटला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. ओढ आणि गाळणीचं कापड, हे दोन्ही त्या एका रुमालात होतं. त्याची सुरुवातीची यंत्रं इतकी मोठी होती की घोडागाडीवर घराबाहेर उभी राहायची आणि नळ्या खिडक्यांतून आत जायच्या.

पर्याय

त्या रात्री घरात जे पर्याय मांडले गेले ते असे.

दिवाळीच्या आधी करतात तसं कुंच्याने झटकणं. सवयीचं, बिनखर्चाचं. पण झटक्याने पापुद्रे उडतात, आणि गॅमेक्सिनचा संशय असताना भुकटी हवेत उडवणं कुणालाच मान्य नव्हतं.

ओल्या फडक्याने पुसणं. हा सुताराचा सल्ला. साध्या फळीला ठीक. कोरीव कामात मात्र ओली धूळ खळग्यात चिखल होऊन बसते, वाळली की घट्ट होते, आणि सरसात कालवलेला रंग पाण्याने विरघळतो. फडक्याचे धागे पाकळ्यांच्या टोकांना अडकतात ते वेगळंच.

गॅरेजमधला ब्लोअर आणणं. पहिल्या दिवसानंतर याचा विचारही झाला नाही.

जुनंच यंत्र, नळी नीट लावून. काकांचा कल इकडे.

घरातला १६०० वॅटचा नवा व्हॅक्यूम क्लीनर, त्याच्या सोबत आलेल्या प्लास्टिकच्या तोंडांसह. पुतण्याचा कल इकडे.

शेवटचा पर्याय सल्लागार बाईंनी फोनवर सुचवला : नवं यंत्र फक्त हवा ओढायला वापरायचं, तोंड लाकडाला न लावता जवळ धरायचं, आणि धूळ हातातल्या मऊ ब्रशने तोंडाकडे लोटायची. संग्रहालयांत हीच पद्धत चालते. वेळ मात्र कितीतरी पट जास्त.

यंत्राला विश्रांती, ब्रशला काम

वायरमनने मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला. ५०० व्होल्टवर वायर आणि पत्र्याच्या अंगामधला इन्सुलेशनचा रोध आला ०.२ मेगओम. किमान १ मेगओम तरी हवा. रबराचं आवरण आतून तडकलेलं, सुती वेणीमुळे बाहेरून दिसत नव्हतं. यंत्र दोन पिनांचं, अर्थिंग नाही, आणि अंग धातूचं. "काका, हे लावायचं नाही. बॉडीला करंट येतोय," एवढंच तो म्हणाला. पहिल्या दिवशी पुतण्याच्या पायात रबरी चप्पल होती, म्हणून वेळ निभावली.

पहिला खरा निर्णय इथे झाला. मोटरची तार नव्याने गुंडाळून, वायरिंग बदलून यंत्र चालवता आलं असतं, पण कापडी पिशवीची गळती तशीच राहिली असती. म्हणून मोटर बंद ठेवायची, वायर काढून ठेवायची आणि अवजारं मात्र वापरायची असं ठरलं. काकांनी गोल ब्रश हातात घेऊन "मग हा तरी चालवा" म्हटलं तेव्हा बाकीच्यांना तो नुसता मान राखण्याचा भाग वाटला होता. प्रत्यक्षात साध्या लाकडाच्या कोरीवकामावर त्याच्याइतकं चांगलं काही निघालं नाही. नव्या यंत्रासोबतच्या ब्रशचे नायलॉनचे केस आखूड आणि ताठ. तेलकट सागवानावर बारीक पांढऱ्या रेघा उठवत होते.

जुन्या वाटीचा दट्ट्या, म्हणजे नळीत घुसणारं टोक, आणि नव्या नळीचं तोंड जुळत नव्हतं. जुना दट्ट्या निमुळता, व्हर्नियरने मोजला तर २९ ते ३१ मिलिमीटर. नवी नळी ३५ ची. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पाहिली, ती हवेच्या ओढीने आत सरकली आणि वाटी खाली पडली. मग खरादीने शिवणीच्या लाकडाचा ५ सेंटीमीटरचा बुश, म्हणजे दोन्ही जोडणारी पोकळ कडी, काढून दिला, आतून निमुळता, बाहेरून सरळ. केसांच्या खिंडाराचं काय करायचं यावर दोन दिवस गेले. शेवटी ब्रश बांधणाऱ्या कारागिराकडून खराब झालेला भाग बकरीच्या केसांनी भरून घेतला. उरलेले घोड्याचे केस तसेच ठेवले. भरण्याआधी ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवला, म्हणजे कसरीची अंडी उरली असतील तर ती लाकडावर जाऊ नयेत.

ओढ मोजणं

जुनं तोंड आणि नवी मोटर यांची जोडी वरवर सोपी वाटते, पण तिच्यात एक खोड आहे. जुनी तोंडं कमी ओढीच्या यंत्रांसाठी बेतलेली होती. १६०० वॅटचं नवं यंत्र तोंड पूर्ण बंद केल्यावर २० किलोपास्कलच्या आसपास ओढ देऊ शकतं. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २ न्यूटन. दहा चौरस सेंटीमीटरचं तोंड एखाद्या पापुद्र्यावर बसलं तर त्याला जवळजवळ दोन किलोच्या वजनाइतकी ओढ बसते. वर केसांचं कडंही आतल्या बाजूला ओढलं जाऊन मिटतं, वाटीची धातूची कड लाकडावर टेकते.

म्हणून ओढ मोजायची ठरवली. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बांधली, अर्धी पाण्याने भरली, आणि तिचं एक टोक लाकडी बुशाला पाडलेल्या ४ मिलिमीटरच्या भोकात बसवलं. तळहाताने तोंड बंद करायचं आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक पाहायचा. १० सेंटीमीटर फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल. सुरुवात नेहमी सगळ्यात कमी पॉवरवर करायची, नाहीतर पाणी थेट यंत्रात जातं. सगळ्यात कमी पॉवर आणि हँडलवरची हवेची खिडकी पूर्ण उघडी, अशा स्थितीत फरक आला २२ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २.२ किलोपास्कल. त्याच दहा चौरस सेंटीमीटरवर ओढ आता सव्वादोनशे ग्रॅमच्या वजनाइतकी. कडं मिटेनासं झालं. हीच खूण कायम धरली. खिडकीची कड जिथे येते तिथे मार्करने रेघ मारली.

केळफुलाची पाकळी

ही मोजणी आधी झाली असती तर पुढचं टळलं असतं. मधल्या एका रविवारी, बुश अजून खरादीकडे असताना, पुतण्याने वेळ वाया जाऊ नये म्हणून नवं यंत्र त्याच्याच फटीच्या तोंडाने, पूर्ण पॉवरवर, तिसऱ्या खांबाच्या केळफुलावर चालवलं. टक्क असा आवाज झाला. खालच्या पाकळीचं टोक, हिरवा रंग शिल्लक असलेलं, गेलं होतं.

इथे वहिनींनी जे केलं ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. त्यांनी यंत्र लगेच बंद केलं, पिशवी काढली आणि फेकू दिली नाही. अंगणात वर्तमानपत्र पसरून, मास्क आणि हातमोजे घालून, कागदी पिशवी कात्रीने कडेने उघडली आणि आतला गाळ मूठमूठभर पिठाच्या जुन्या चाळणीतून अलगद चाळला. चाळणी न आपटता, नुसती कडेवर बोटाने टिचकी मारत. जळमटाच्या गोळ्यात अडकलेला ११ मिलिमीटरचा तुकडा पाऊण तासाने सापडला. रंग एका बाजूने खरचटला होता, पण तुकडा शाबूत होता. तो फिल्मच्या जुन्या डबीत कापसात ठेवला आणि डबीवर खांबाचा क्रमांक आणि पाकळीची जागा लिहिली. चाळणी फेकून दिली.

तपासल्यावर कळलं की पाकळी आधीच तडकलेली होती. कुणीतरी फार पूर्वी सरसाने चिकटवली होती आणि तो सांधा वाळला होता. आपटून नाही, नुसत्या ओढीने ती सुटली. यानंतर तीन नियम ठरले. कुठल्याही भागाला हात लावण्याआधी टॉर्च लाकडाला जवळजवळ समांतर धरून तिरक्या उजेडात पाहायचं. सुटलेला पापुद्रा किंवा तडा अशा उजेडात सावली टाकतो. तिथे पांढऱ्या दोऱ्याची सैल गाठ बांधायची, चिकटपट्टी लावायची नाही, कारण ती काढताना रंग घेऊन येते. आणि रंगीत भागावर कुठलंही तोंड टेकवायचं नाही.

रोजचं काम

कामाचा क्रम वरून खाली : तक्तपोशी, तुळया, महिरपी, केळफुलं, खांब, शेवटी जमीन. गाद्या-तसबिरी आधी बाहेर. उभं राहायला शिडीऐवजी बांबूची परांची, कारण शिडीवर एक हात धरण्यात जातो आणि या कामाला दोन्ही हात लागतात. नळीचं वजन परांचीच्या आडव्या बांबूवर दोरीच्या फासात टांगलं, नाहीतर मनगट थकतं आणि थकलेल्या हातातलं तोंड लाकडावर आदळतं. सकाळी दहाच्या आधी सुरुवात नाही. थंडीत पहाटेचा ओलावा लाकडावर हलका बसतो आणि दमट धूळ मोकळी होत नाही, सारवली जाते.

रंग नसलेल्या लाकडावर गोल ब्रश, केस जेमतेम वाकतील इतक्याच दाबाने, नक्षीच्या वळणाबरोबर. ब्रश गोल गोल फिरवायचा मोह होतो. तसं केलं की कडेचे केस धूळ बाहेर फेकतात. एका दिशेने ओढायचा, उचलायचा, परत सुरुवातीला ठेवायचा. दर दहा-पंधरा मिनिटांनी केस रिकाम्या नळीच्या तोंडाशी धरून झटकायचे. तेलकट काजळी केसांना लागली तर तो ब्रश पुढे रंगीत भागावर न्यायचाच नाही. दोन महिरपींसाठी म्हणून वेगळा, साधा रंगाचा ब्रश ठेवला.

रंगीत भागावर दोन हातांचं काम. उजव्या हातात बकरीच्या केसांचा दोन इंची ब्रश, त्याच्या धातूच्या पट्टीवर कापडी पट्टी गुंडाळलेली. डाव्या हातात नळी, तोंडावर मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून रबरबँडने ताणलेली. तोंड दोन सेंटीमीटरवर, लाकडाच्या किंचित खालच्या बाजूला. ब्रशने धूळ फुंकर घातल्याइतक्या हलक्या हाताने तोंडाकडे लोटायची. जाळीचा उपयोग असा की सुटलेला पापुद्रा तिथेच अडकतो, पिशवीत जात नाही. प्रत्येक केळफुलानंतर जाळी भिंगाखाली पाहायची. पूर्ण कामात जाळीवर चार रंगीत पापुद्रे मिळाले, चारही डब्यांत गेले.

पहिल्या केळफुलाला पन्नास मिनिटं लागली, शेवटच्याला बावीस. सगळं मिळून दोघांचे सोळा दिवस गेले.

गणेशपट्टीमागच्या पांढऱ्या भुकटीला आधी हात लावला नाही. तिथे काम करायला सल्लागार बाईंनी हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचं, यंत्र दोन दिवसांसाठी आणलं. एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे, आणि खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नाही. ती पिशवी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून, चिठ्ठी लावून वेगळी ठेवली. बाकीच्या कचऱ्यात मिसळली नाही. भुकटी खरोखर गॅमेक्सिन होती का हे तपासून घेतलेलं नाही. आहे असं धरूनच वागणं योग्य होतं.

काजळीच्या दोन महिरपींवर ओढ आणि ब्रश दोन्ही हरले. कोरडी धूळ निघाली, लेप तसाच राहिला. सुताराला स्पिरिटने पुसायचं होतं. हाताच्या मुठीएवढ्या, पडद्याआड जाणाऱ्या जागी कापसाने करून पाहिलं, तर काजळीबरोबर खालचा तेलाचा थरही कापसावर आला. तिथेच थांबले. साखरपुड्याच्या फोटोंत त्या दोन महिरपी बाकीच्यांपेक्षा गडद दिसतात, आणि तसंच राहू देणं बरोबर होतं.

भुसा

एक चूक कामाच्या शेवटी लक्षात आली, आणि ती पाकळीच्या चुकीपेक्षा महागाची असू शकते. सातव्या आणि आठव्या खांबाच्या तळाशी फिकट पिवळसर, मैद्यासारखा भुसा होता. धूळ समजून तो ओढून घेतला गेला. नंतर खांबांवर दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली. ताजा, फिकट भुसा म्हणजे आत कीड जिवंत; काळपट, धुळीत मिसळलेला भुसा म्हणजे जुना. हा पुरावाच पिशवीत गेला होता, आणि पिशवी तोपर्यंत बदलून टाकून दिली होती. आता उपाय एकच उरला : दोन्ही खांबांच्या तळाशी काळा कागद अंथरायचा, भोकांभोवती पेन्सिलीने खुणा करायच्या, फोटो काढायचे आणि पावसाळ्यापर्यंत वाट पाहायची.

निष्पत्ती

दिवाणखाना वेळेत तयार झाला. महिरपींवरची वेलबुट्टी, जी काकांनाही सपाट पट्टी म्हणून आठवत होती, तिच्यात कैऱ्या आणि एक जोडी पोपट निघाले. पोपटाच्या चोचीत तांबड्या रंगाचा ठिपका अजून आहे. पाकळीचा तुकडा सल्लागार बाईंनी परत बसवला, विरघळवून पुन्हा काढता येईल अशा सरसाने.

नुकसान : एक खरचटलेली पाकळी, सुटलेले चार पापुद्रे, मखमली गाद्यांत बसलेली पहिल्या दिवसाची धूळ. ती धूळ पूर्ण निघाली नाही. रुंद तोंडावर जाळी लावून, तीन वेळा, लवेच्या दिशेने ओढूनही मखमलीचा रंग मंद राहिला. खर्चात सगळ्यात मोठा वाटा परांचीचा आणि मजुरीचा. बुश, ब्रशची दुरुस्ती, जाळी आणि लेव्हल पाईप मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्याचाही नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिले तीन दिवस यंत्राला हात न लावता नुसतं पाहण्यात घालवायला हवे होते. तिरका उजेड, दोऱ्याच्या गाठी, भुशाचे फोटो, भुकटीची जागा, हे सगळं धूळ असतानाच दिसतं. धूळ काढायची घाई झाली की धुळीत लिहिलेली माहितीही जाते.

ओढ मोजण्याचं साधन गवंड्याच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून होतं. कुणाला सुचलं नाही, कारण यंत्र चालतंय म्हणजे झालं अशी समजूत. पाण्याच्या पातळीचे दहा-वीस सेंटीमीटर पाहायला दहा मिनिटं लागली असती.

जुनं यंत्र चालू करण्याआधी वायरमनला बोलवायला हवं होतं, यात दुमत नाही. पण नवं यंत्र म्हणून जुनी पेटी अडगळीत टाकणंही चूक ठरलं असतं. काकांचा आग्रह नसता तर गोल ब्रश कुणी हातातही घेतला नसता, आणि दहा खांब नायलॉनच्या ताठ केसांनी घासले गेले असते.

पिशव्या टाकण्याचा नियम मात्र अजून वादात आहे. सल्लागार बाईंचं म्हणणं, काम संपून दोन महिने होईपर्यंत एकही पिशवी टाकायची नाही, प्रत्येकीवर तारीख आणि जागा लिहायची. वहिनींचं म्हणणं, विषारी भुकटीचा संशय असलेल्या घरात पंधरा पिशव्या साठवायच्या कुठे. मधला मार्ग म्हणून पुढच्या वेळी रोज संध्याकाळी पिशवी उघडून, चाळून, मगच टाकायची असं ठरलं आहे, गणेशपट्टीमागची सोडून.

सहा महिन्यांनी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काळे कागद पाहिले. आठव्या खांबाखालचा कागद स्वच्छ, वर फक्त दोन मेलेल्या मुंग्या. सातव्या खांबाखाली, चौकाकडच्या बाजूला, मोहरीच्या तीन-चार दाण्यांएवढा फिकट भुसा, आणि पेन्सिलीच्या खुणांच्या बाहेर एक नवं भोक. कागद घडी घालून, तारीख टाकून त्याच फिल्मच्या डब्यांशेजारी ठेवला. सुतार आणि सल्लागार बाई दोघांनाही फोन गेला. पाऊस उघडल्यावर त्या एका खांबावर औषध सोडायचं ठरलं आहे. तोवर सातव्या खांबाच्या तळाशी कुणी झाडू मारायचा नाही, अशी चिठ्ठी वहिनींनी दिवाणखान्याच्या दारावर लावली आहे.